आम्हालाही मुख्य दारातून येऊ द्या

प्रति,
जतन-वास्तुरचनाकार, वारसा समित्यांचे सदस्य आणि ऐतिहासिक वास्तूंचे व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

शेकडो वर्षांपूर्वीच्या भिंती, कमानी आणि घुमट पुढच्या पिढ्यांनाही पाहायला मिळावेत म्हणून तुम्ही राबता. चुन्याचा गिलावा कुठे सुटलाय, दगडात पाणी कुठून मुरतंय, तुळई कुठे खचलीय, हे ओळखणारी तुमची नजर नसती तर ज्या इमारतींबद्दल मी लिहितेय त्यातल्या कितीतरी आज उभ्याच नसत्या. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिलं आहे. मी व्हीलचेअर वापरते, आणि जुन्या इमारतींचं मला लहानपणापासून वेड आहे. पण बहुतेक इमारतींची माझी ओळख दर्शनी भागापुरती आहे, कारण पुढे पायऱ्या लागतात.

त्या पायऱ्या ज्यांनी बांधल्या त्यांच्यावर माझा राग नाही. खटकतं ते आजचं उत्तर. इथे उतार करता येईल का, असं विचारलं की सांगितलं जातं, 'वास्तूच्या मूळ रूपाला धक्का लागेल.' एवढं म्हटलं की विषय संपतो. कुणी टेप घेऊन पायऱ्यांची उंची मोजत नाही, दुसऱ्या बाजूने जमिनीची पातळी काय आहे ते पाहत नाही, एखादं कच्चं रेखाटनही होत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: अपंग माणसांचा प्रवेश हा जतनाच्या कामाचाच भाग आहे. पहिल्या पाहणीत जसं छत, पाया आणि भेगा तपासता, तसाच तोही तपासा. सगळं काम उरकल्यावर, पैसे उरले तर करायची सोय म्हणून त्याकडे पाहू नका.

मूळ रूपाची काळजी मलाही आहे, त्यामुळे आधी त्याबद्दलच बोलते. आज आपण मूळ रूपात जपलेली म्हणतो अशी कुठलीही इमारत जवळून पाहा. भिंतींमधून विजेच्या तारा गेलेल्या असतात. छतावर वीजरोधक असतो, जिन्याखाली अग्निशमनाचे लाल नळ असतात, कोपऱ्याकोपऱ्यांत कॅमेरे असतात. तिकीटखिडकी, भेटवस्तूंचं दुकान, कर्मचाऱ्यांची खोली, पाण्याचे नळ, कुठे कुठे वातानुकूलन. यातलं काहीच मूळ बांधणाऱ्यांनी ठेवलेलं नव्हतं. हे सगळं करताना तुम्ही कल्पकता पणाला लावलीत. तारा सांध्यांमधून नेल्या, जुन्या दगडाला कमीत कमी भोकं पाडली, रंग जुळवले. दिवे काढून पुन्हा मशाली लावा, असा आग्रह कुणी धरला नाही, कारण उजेड ही गरज आहे हे सगळ्यांना मान्य होतं. तीन पायऱ्यांवरून माणूस आत येणं हीसुद्धा तितकीच साधी गरज आहे.

तुमच्या क्षेत्रातले मूलभूत दस्तऐवजही प्रवेशाच्या आड येत नाहीत. १९६४च्या व्हेनिस सनदेतलं पाचवं कलम म्हणतं की स्मारक समाजाच्या उपयोगी पडत राहिलं तर त्याच्या जतनाला मदतच होते. फक्त त्या उपयोगापायी मांडणी आणि सजावट बदलू नये. नवव्या कलमानुसार जीर्णोद्धारात जी भर अटळ असेल ती जुन्यापासून वेगळी ओळखू यावी आणि तिच्यावर आजच्या काळाचा ठसा असावा. ऑस्ट्रेलियात १९७९ साली तयार झालेली बुरा सनद सांगते, वास्तू सांभाळण्यासाठी आणि वापरण्याजोगी ठेवण्यासाठी लागेल तेवढं करा, त्यापलीकडे शक्य तितका कमी बदल करा. आणि जपानमधल्या नारा शहरात १९९४ साली झालेल्या नारा दस्तऐवजाने वास्तूचं अस्सलपण केवळ दगडमातीत बांधून ठेवलं नाही. रचना आणि साहित्याबरोबर वापर, परंपरा, परिसर आणि वास्तूचा भाव यांनाही त्याने त्यात धरलं. जे सभागृह लोक जमण्यासाठी बांधलं गेलं, तिथे लोक जमू शकणं हा त्याच्या अस्सलपणाचाच भाग झाला. मग त्या लोकांमधून काहींना वगळायचं कशाच्या आधारावर?

उतार ही आजची टूम आहे आणि जुन्या दगडाशी ती विसंगत दिसते, असं मी अनेकदा ऐकलं आहे. इतिहास तसं सांगत नाही. ग्रीसमधलं एपिडॉरस हे अस्क्लेपिअस या आरोग्यदेवतेचं मोठं तीर्थस्थान होतं. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात तिथे जे बांधकाम झालं त्यात देवळाच्या दारापर्यंत जाणारा रुंद दगडी उतार होता. डेबी स्नीड या अभ्यासक महिलेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवलं की एपिडॉरसच्या नऊ इमारतींना मिळून अकरा दगडी उतार होते. ज्या देवस्थानांत आजारी आणि चालायला त्रास होणारी माणसं बरं होण्याच्या आशेने येत, तिथेच असे उतार जास्त सापडतात, आणि ते या माणसांना लक्षात घेऊनच केलेले असावेत, असं त्यांचं म्हणणं आहे. म्हणजे ज्या ग्रीक मंदिरांचे खांब आणि पायऱ्या जगभरच्या वास्तुरचनाकारांनी शतकानुशतकं गिरवल्या, त्यांच्याच काळात, त्यांच्याच दगडात उतारही घडवले जात होते. पुढच्यांनी पायऱ्या तेवढ्या उचलल्या.

स्पेनमधल्या सेव्हिलचा खिराल्दा मनोरा बाराव्या शतकातला. त्याच्या आत वर जायला पस्तीस उतार आहेत, घोड्यावर बसून चढता येईल इतके रुंद. कोपनहेगनचा गोल मनोरा १६४२ साली पूर्ण झाला. त्यात साडेसात वेढ्यांचा चढता रस्ताच आहे. वरच्या वेधशाळेत आणि ग्रंथालयात जड सामान आणि पुस्तकं नेणं त्यामुळे सोपं होई, आणि १७१६ साली रशियाचा झार पीटर तिथे घोड्यावरून वर गेल्याची नोंद आहे. हे उतार अपंगांसाठी बांधलेले नव्हते, हे खरं. पण घोड्यासाठी आणि पुस्तकांच्या पेट्यांसाठी जे करणं वास्तुकलेला कमीपणाचं वाटलं नाही, ते माणसासाठी करताना तिची शान कशी जाईल, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

१२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसदेच्या ऐतिहासिक इमारतीसमोर साठाहून अधिक अपंग कार्यकर्त्यांनी आपल्या व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि हातांवर, कोपरांवर, पाठीवर सरकत ते त्या पांढऱ्या पायऱ्या चढले. त्यात आठ वर्षांची जेनिफर कीलनही होती. लोकशाहीचं प्रतीक म्हणून जगभर ज्या इमारतीची छायाचित्रं छापली जातात, तिच्या पायऱ्यांनी कोणाला बाहेर ठेवलंय हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. त्याच वर्षी २६ जुलैला अपंगांच्या हक्कांचा अमेरिकी कायदा स्वाक्षरी होऊन अस्तित्वात आला. त्या कायद्यात ऐतिहासिक इमारतींसाठी अपवाद आहे, आणि तो असायलाही हवा. पण बदलामुळे वास्तूचं ऐतिहासिक महत्त्वच धोक्यात येईल किंवा नष्ट होईल, असं सल्लामसलत करून ठरल्यावरच तो लागू होतो, आणि तेव्हाही प्रवेशाचा दुसरा मार्ग शोधावा लागतो. समितीतल्या एखाद्या सदस्याला बरं वाटत नाही, एवढं कारण तिथे चालत नाही.

पुढे १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या तिसाव्या कलमात सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्क आहे आणि त्यात राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांपर्यंत शक्य तितकं पोचता येण्याचाही उल्लेख आहे. शक्य काय आहे हे तपासण्याची जबाबदारी यातून तुमच्यावर येते. प्रत्यक्षात मात्र बऱ्याच ठिकाणी तपासणी न करताच अशक्य म्हणून हात वर केले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे दर सहा माणसांमागे एक, लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगतात. हा वारसा त्यांचाही आहे आणि त्याच्या देखभालीसाठी लागणारे कर तेही भरतात.

आता दाराबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथेच घोडं पेंड खातं. अनेक वास्तूंमध्ये 'अपंगांसाठी प्रवेश आहे' असं सांगितलं जातं आणि ते शब्दशः खरंही असतं. पण तो प्रवेश कसा असतो? मुख्य दाराला वळसा घालून मागे जायचं. तिथे कचऱ्याचे डबे, रिकामी खोकी आणि बंद पडलेला फ्रीज. लोखंडी दाराला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे आहे ते जेवायला गेलेले. कुणीतरी फोन करतं, आपण उन्हात थांबतो. दार उघडतं, आत सामानाची लिफ्ट, तिच्यात झाडू आणि शिडी उभी. ती बाहेर काढली जाईपर्यंत आपल्याबरोबर आलेली मंडळी मुख्य दालन पाहून पुढे गेलेली असतात. शेवटी आपण पोचतो ते इमारतीच्या अशा कोपऱ्यात, जिथून ती बघायला सुरुवात करावी असं तिच्या रचनाकाराच्या मनातही आलं नसेल.

असं एका वास्तूत मी स्वतः अनुभवलं आहे. तिथले कर्मचारी अतिशय भले होते, वारंवार माफी मागत होते. त्यांचा काहीच दोष नव्हता. तो मार्ग ज्यांनी कागदावर 'पर्यायी प्रवेश' म्हणून मंजूर केला त्यांनी एकदाही त्यावरून कुणाला आणून पाहिलं नव्हतं.

दाराचा मुद्दा मानापमानाचा तर आहेच, पण तुमच्या कलेचाही आहे. वास्तू रचताना रचनाकार येणाऱ्याला हळूहळू तयार करतो. मोकळं अंगण, मग सावलीची ओसरी, बुटकी कमान आणि तिच्यातून बाहेर पडताच एकदम उंच जाणारं छत. अंधारातून उजेडात, अरुंदातून विस्तीर्णात येण्याचा तो क्षण म्हणजेच ती वास्तू. मागच्या दाराने आत नेलेल्या माणसाला फक्त खोल्या दिसतात, तो क्रम मिळत नाही. अर्धवट वाक्यापासून पुस्तक वाचायला दिल्यासारखं ते होतं. जतन करणाऱ्यांना हे सांगायला नको, तुम्ही तर हा क्रम बिघडू नये म्हणून एखादा पडदासुद्धा चुकीच्या जागी लावू देत नाही.

मुख्य दारातून सर्वांना आणणं जमतं, याचे पुरावे आहेत. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात १९८९ साली काचेचा पिरॅमिड झाला तेव्हा खाली उतरणाऱ्या गोल जिन्याच्या मधोमध वरून उघडी असलेली दंडगोल लिफ्ट बसवली गेली. व्हीलचेअरवरचा माणूस त्याच दारातून, त्याच उजेडात, सगळ्यांबरोबर खाली उतरतो. बर्लिनच्या राइशटागवर, म्हणजे जर्मन संसदेच्या जुन्या इमारतीवर, १९९९ साली जो काचेचा घुमट चढवला गेला, त्यात वर जाण्यासाठी आतून वळसे घेत जाणारे उतारच आहेत. तिथे उतार ही कुणा एकासाठी केलेली वेगळी सोय राहत नाही, सगळे त्याच वाटेने चढतात आणि शहर पाहतात. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या उत्तरेकडच्या दाराशी २०२२ साली कायमचा उतार पूर्ण झाला. सतराव्या शतकातल्या आराखड्याच्या इतक्या नामांकित इमारतीला हात लावायचा म्हणजे मंजुरीची केवढी प्रक्रिया, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. ती पार पडली आणि इमारत जिथल्या तिथे आहे.

जिथे उताराला जागाच नाही तिथे पायऱ्याच मागे सरकतात आणि त्यांच्याखालून लिफ्टचा फलाट वर येतो, अशी यंत्रणा इंग्लंडमधल्या संरक्षित इमारतींमध्ये बसवलेली आहे. काम झालं की पायऱ्या पुन्हा जागच्या जागी. ती महाग पडते, सारखी देखभाल मागते, आणि सगळीकडे मी तिची शिफारस करणार नाही. साधा उतार बिघडत नाही, म्हणून जागा असेल तिथे मला तोच हवा.

जागा आहे की नाही, हे ठरवायला थोडा हिशेब लागतो. सर्वसाधारण मान्य प्रमाण एकास बारा: एक सेंटिमीटर उंची चढायला बारा सेंटिमीटर लांबी. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर उंची, म्हणजे ५.४ मीटर लांबीचा उतार, शिवाय वर आणि खाली व्हीलचेअर वळवता येईल अशी साधारण दीड मीटरची सपाट जागा. हे आकडे पाहून घाबरायला होतं, कारण डोळ्यांपुढे दर्शनी भागावर आडवा पसरलेला काँक्रीटचा ओंडका येतो. पण उतार दाराला चिकटूनच सुरू झाला पाहिजे असं कुठे आहे? अंगणाची पातळीच फाटकापासून दारापर्यंत हलकेच चढवत आणली, एकास वीस किंवा त्याहून मंद, तर पायऱ्यांच्या एका बाजूला जमीन आपोआप उंबऱ्याला येऊन भिडते. बघणाऱ्याला उतार म्हणून काही दिसतही नाही. म्हातारी माणसं, बाळाच्या गाड्या, सामान ओढणारे, सगळे नकळत तिथूनच जातात. यात मूळ दगडाला स्पर्शसुद्धा होत नाही, कारण काम सगळं बाहेरच्या भरावात आहे. मात्र पाणी इमारतीकडे वळणार नाही आणि जोत्याला ओल धरणार नाही, हे आधी पाहायला हवं, आणि ते पाहणारे तुम्हीच आहात.

त्याउलट, घाईत केलेले उतारही मी पाहिले आहेत. एकास चार, एकास पाच असा चढ, कठडा नाही, गुळगुळीत फरशी, आणि वर पोचल्यावर दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, म्हणजे ते ओढताना व्हीलचेअर मागे घसरणार. तपासणीच्या तक्त्यात 'उतार आहे' या रकान्यापुढे खूण झालेली असते. असा उतार नसलेला बरा, कारण त्यावर माणूस पडतो.

अथेन्सच्या ॲक्रोपोलिसची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण ती सरळसोट नाही. २००४च्या ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक स्पर्धांच्या निमित्ताने त्या टेकडीच्या कड्यावर लिफ्ट बसवली गेली. ती वारंवार बंद पडू लागली आणि व्हीलचेअरवरून आलेले प्रवासी पायथ्याशीच थांबू लागले. मग ३ डिसेंबर २०२० रोजी, जागतिक अपंग दिनी, नवी तिरकी लिफ्ट सुरू झाली. त्याच सुमारास वरच्या खडकावर काँक्रीटचे रुंद मार्ग केले गेले आणि वादळ उठलं. खडकाचं प्राचीन रूप झाकलं गेलं, मार्ग गरजेपेक्षा रुंद झाले, असं अनेक पुरातत्त्वज्ञांनी म्हटलं. हे काम करणाऱ्यांचं उत्तर असं की काँक्रीटच्या खाली वेगळा थर आहे आणि ते पुढेमागे काढता येईल.

मला यात दोन्ही बाजूंचं थोडं पटतं. लिफ्ट हवीच होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मार्गही हवा होता, कारण त्या उंचसखल, गुळगुळीत झालेल्या खडकावर धडधाकट माणसंही घसरतात. पण तो किती रुंद असावा, कुठून जावा, काँक्रीटचाच का, हे प्रश्न रास्त होते. अशा वादात आम्हाला पुढे करून बाकीचं काम रेटून नेलं जाणार असेल तर ते मला मान्य नाही. गर्दी हलवण्यासाठी रस्ता रुंद करायचा असेल तर तसं स्पष्ट सांगा. आमच्या नावावर जेवढं लागतं तेवढंच मागा, म्हणजे पुढच्या वेळी आम्ही खरंच काही मागितलं की लोकांना संशय येणार नाही.

आतापर्यंत मी चाकांबद्दलच बोलले, कारण माझं जगणं त्यांच्यावर आहे. पण उतार केला की काम झालं, असा समज माझ्या पत्रातून होऊ नये. इटलीतल्या अँकोना शहरात ओमेरो नावाचं स्पर्शाचं संग्रहालय आहे. आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या अंध दांपत्याच्या कल्पनेतून ते १९९३ साली सुरू झालं. तिथे शिल्पांच्या प्रतिकृती आणि गाजलेल्या इमारतींचे नमुने हातांनी पाहायचे असतात. रोमच्या पँथिऑनचा घुमट बाहेरून कसा आहे आणि आतून कसा, हे तिथे तळहाताला कळतं. संग्रहालय ज्या इमारतीत आहे ती स्वतः अठराव्या शतकातली, वानवितेल्ली या वास्तुरचनाकाराने समुद्रातल्या पंचकोनी बेटावर बांधलेली. साथीच्या भीतीने प्रवाशांना आणि मालाला वेगळं ठेवण्याची ती जागा होती. तिथे आज ज्यांना इतर संग्रहालयांत 'हात लावू नका' हीच पाटी भेटते, त्यांना हात लावायला बोलावलं जातं.

प्रत्येक वास्तूला असं संग्रहालय उभारता येणार नाही. पण दाराशी टेबलाच्या उंचीवर इमारतीचा एक चांगला नमुना ठेवणं कठीण नाही: भिंती कुठे, अंगण कुठे, घुमट किती मोठा, हे बोटांना समजेल असा. त्याशेजारी मूळ बांधकामात वापरलेल्या दगडाचा एक घडवलेला तुकडा, टाकीचे घाव जाणवतील असा, चुन्याच्या गिलाव्याचा तुकडा, लाकडी कोरीवकामाची प्रत. माझ्या एका अंध मैत्रिणीने अशा एका दगडावरून बराच वेळ हात फिरवला आणि मग विचारलं, 'हा घडवणारा डावखुरा होता का गं? घाव सगळे या अंगाने येतात.' आम्हा डोळसांपैकी कुणालाच ते दिसलं नव्हतं. मार्गदर्शकालाही त्याचं उत्तर माहीत नव्हतं, पण पुढे तो प्रत्येक दगडाकडे वाकून बघत होता.

कर्णबधिरांची अडचण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती राहूनच जाते. उंच दगडी दालनात आवाज घुमतो आणि श्रवणयंत्रातून तो नुसता गोंगाट होऊन पोचतो. माइकचा आवाज थेट श्रवणयंत्रात नेणारी लूपची तार गालिच्याखालून टाकता येते आणि ती कुणाच्या नजरेलाही येत नाही. खुणांच्या भाषेतली चित्रफीत फोनवर दाखवता येते. आणि आगीची घंटा वाजते तेव्हा ती ऐकू न येणाऱ्यासाठी लुकलुकणारा दिवा स्वच्छतागृहातसुद्धा हवा, कारण तिथे माणूस एकटा असतो. गर्दी, आवाज आणि झगमगाट यांनी भांबावणाऱ्या स्वमग्न व्यक्तींसाठी एखादी शांत वेळ आणि एखादी शांत खोली ठेवली तर ती कुटुंबं येऊ लागतील. आज ती येतच नाहीत, म्हणून त्यांची गरज कुणाच्या नोंदीतही नाही.

काही ठिकाणी खरंच काही करता येत नाही, हे मला मान्य आहे. दोन हात लांब केले तर दोन्ही भिंतींना टेकतील असा मनोऱ्याचा गोल दगडी जिना फोडून लिफ्ट बसवा, असं मी कधीही म्हणणार नाही. तो जिनाच तर जपायचा आहे. अशा वेळी वरून दिसणारं दृश्य खाली पडद्यावर दाखवा, वरच्या खोलीचा नमुना ठेवा, मी आनंदाने पाहीन. पण असं चित्रीकरण हा शेवटचा उपाय आहे. पहिल्या मजल्यावर लिफ्टने जाता येणं शक्य असताना तळमजल्यावर खुर्चीसमोर पडदा लावून आमची बोळवण करू नका. कुठे इमारत खरोखर नाही म्हणते आणि कुठे आपण तिच्या नावाने नाही म्हणतोय, हा फरक तुमच्याइतका चांगला दुसऱ्या कुणाला कळणार?

इंग्लंडमधल्या चेस्टर शहराचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. रोमन काळापासूनची तटबंदी आणि पहिल्या मजल्यावरून चालत जाता येणाऱ्या मध्ययुगीन दुकानांच्या ओळी, असं ते गाव. इतकी अडचणीची रचना असून त्या ओळींपर्यंत जायला उतार, लिफ्ट, सरकता जिना असे वेगवेगळे मार्ग तिथे झाले आणि २०१७ साली युरोपीय आयोगाचा सुगम शहराचा पुरस्कार त्याला मिळाला. तटबंदीचा प्रत्येक तुकडा सुगम झालेला नाही. पण कुठून चढता येतं आणि कुठून नाही, हे आधी कळतं.

आधी कळणं फार महत्त्वाचं आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाहीच. संकेतस्थळावर किती पायऱ्या, किती उंच, दाराची रुंदी किती, स्वच्छतागृह कुठे, बसायला बाक कुठे, हे छायाचित्रांसह लिहा. 'अंशतः सुगम' असं लिहून काही समजत नाही. पायऱ्यांच्या कडांना वेगळ्या रंगाची पट्टी, दोन्ही बाजूंना धरायला कठडा, जड दाराला हलकी उघडण्याची सोय, खडीऐवजी घट्ट दाबलेली वाट, हे उद्याही होऊ शकतं. स्वच्छतागृहाबद्दल तर काय लिहू. ते नसेल तर माणूस सकाळपासून पाणी पीत नाही. आणि एकदा केलेली सोय चालू ठेवा. उतारावर कुंड्या मांडलेल्या आणि अपंगांच्या स्वच्छतागृहात रंगाचे डबे ठेवलेले मी इतक्यांदा पाहिलेत की नवीन उताराच्या उद्घाटनापेक्षा दुसऱ्या वर्षीच्या देखभालीचा तक्ता पाहायला मला जास्त आवडेल.

आपत्तीत आम्हाला बाहेर कसं काढणार, याचीही लेखी योजना हवी. आग लागली की लिफ्ट बंद होते. मग वरच्या मजल्यावरचा व्हीलचेअरवाला कुठे थांबणार, कुणी त्याला आणणार, जिन्यावरून उतरवणारी खुर्ची कुठे टांगलेली आहे आणि ती वापरायला किती जणांना येतं? याचं उत्तर नाही म्हणून काही ठिकाणी आम्हाला वर सोडतच नाहीत. प्रश्न सोडवण्याऐवजी माणूस वगळण्याचा हा प्रकार थांबायला हवा.

तुमच्याकडून मला जे हवंय ते अवघड नाही, फक्त लवकर हवंय. पुढच्या जतन प्रकल्पाची पहिली पाहणी कराल त्या दिवशी अंध, कर्णबधिर, व्हीलचेअर वापरणारी, बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं सोबत न्या. आराखडा मंजूर झाल्यावर मत विचारायला बोलावणं म्हणजे वरातीमागून घोडं. आमच्यातही अभियंते आहेत, वास्तुरचनाकार आहेत, इतिहासाचे अभ्यासक आहेत. त्यांना सल्लागार म्हणून घ्या आणि इतर सल्लागारांना देता तसं मानधन द्या. प्रत्येक मोठ्या दुरुस्तीच्या वेळी प्रवेशाचा विचार पुन्हा करा, कारण फरशी उखडलेली असते तेव्हा जे चार दिवसांत होतं ते नंतर चार वर्षं होत नाही. आणि जिथे नकार द्याल तिथे तो लेखी द्या: कोणता भाग, कोणता बदल, त्याने नेमकं काय नष्ट होईल, कोणते पर्याय पाहिले, आणि हा निर्णय पुन्हा कधी तपासणार. कारणं लिहावी लागली की नकार कमी होतील, आणि जे उरतील ते आम्हालाही पटतील.

तुमच्यापैकी अनेकांची कार्यालयं आणि समित्यांची सभागृहं जुन्या इमारतींमध्येच आहेत. या विषयावर बैठक बोलवाल तेव्हा मला आणि माझ्यासारख्या इतरांना कळवा. कोणत्या दाराने यायचं, बैठक कोणत्या मजल्यावर आहे आणि खुणांच्या भाषेचा दुभाषी असेल का, एवढं निमंत्रणात लिहा. आम्ही वेळेवर येऊ आणि येताना मोजपट्टी घेऊन येऊ.

आपली,
जुन्या इमारतींवर प्रेम करणारी एक व्हीलचेअर वापरकर्ती